आदिवासी मुलांना शाळा आपली वाटावी म्हणून: बडोद्यात नव्याने शिकवायला जाणाऱ्यांसाठी

शाळा उघडायच्या सुमाराला बडोद्यातल्या ओळखीच्या मराठी घरांतून कुणी ना कुणी विचारतंच, की महापालिकेच्या शाळेत मुलांना शिकवायला जायचंय, सुरुवात कशी करू? कुणी नुकतंच बी.एड. झालेलं असतं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणाला नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत पहिलीच नेमणूक मिळालेली असते. शहराच्या कडेला, जिथे नव्या इमारती उठताहेत, तिथल्या शाळांत राठवा, भील, नायका, तडवी, डामोर अशी आडनावं हजेरीत भेटतात. आईवडील छोटाउदेपूर, कवांट, दाहोदकडून, कधी मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरहून कडियाकामाला, म्हणजे बांधकामाच्या मजुरीला, आलेले असतात. या मुलांसोबत पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मूल शाळेत रुळत नाही असं दिसलं की आपण मुलाला बदलायला घेतो. त्याचे उच्चार सुधारायचे, त्याला चारचौघांसारखं बोलायला, बसायला लावायचं. मला हा क्रमच उलटा वाटतो. पहिलं पाऊल वर्गाने टाकायचं. त्या मुलाला जे येतं त्याची वर्गाला गरज पडली पाहिजे. गरज पडायला लागली की मूल वर्गाचं व्हायला वेळ लागत नाही.

जाण्याआधी

सगळ्यांना "आदिवासी" म्हणून एका गाठोड्यात बांधू नका. राठव्यांचं घर आणि दाहोदकडच्या भिलांचं घर सारखं नसतं. बोली वेगळी, रीतीभाती वेगळ्या. कोण कुठल्या गावचं, एवढं पहिल्याच आठवड्यात विचारून वहीत लिहून ठेवा.

छोटाउदेपूर २०१३ च्या १५ ऑगस्टला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होता, तरी बडोद्यातल्या पुष्कळांनी तो कधी पाहिलेला नसतो. एक दिवस काढा. प्रतापनगरहून गाडी जाते. वाटेत तेजगढला उतरा. भाषाभ्यासक गणेश देवींनी १९९६ मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या भाषा संशोधन केंद्राची आदिवासी अकादमी तिथे आहे, संग्रहालय आहे, जवळच कोराजच्या डोंगरावर प्राचीन शैलचित्रं आहेत. नंतर वर्गात सहज म्हणा, "मी तेजगढला जाऊन आले," आणि कोणती मान वर होते ते बघा.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा बडोदेकरांना अभिमान आहे आणि तो असावाच. पण छोटाउदेपूर वेगळं संस्थान होतं. तो कायदा तिथे लागू नव्हता. आपल्या पणजीने शाळा पाहिली असेल. या मुलांपैकी काहींच्या घरात मात्र शाळेचा उंबरा ओलांडणारं तेच पहिलं असतं. "घरी अभ्यास घेत नाहीत" अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत फार ऐकू येते. घ्यायला कोण आहे, हे आधी विचारावं.

प्रवेश आणि कागद

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्यातलं थोडंच लक्षात ठेवा, पण पक्कं ठेवा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वर्ष अर्धं झालं असलं तरी प्रवेश द्यावा लागतो. मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल तर त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी वेगळं शिकवणंही मिळायला हवं. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू नका. ते लाजूनच पळून जाईल.

जातीचा दाखला प्रवेशाला लागत नाही, शिष्यवृत्तीला लागतो. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्याराज्यांच्या वेगळ्या असतात, त्यामुळे अलीराजपूरच्या दाखल्यावर गुजरात सरकारचे फायदे मिळत नाहीत. हे वडिलांना आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर ते रोजी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवत बसतात.

आता प्रवेशोत्सवाबद्दल. गुजरातेत २००३ पासून जूनमध्ये शाळा प्रवेशोत्सव होतो. पाहुणे येतात, नव्या मुलांना कुंकू लावतात, दप्तर देतात. पण मजुरीला येणारी बरीच कुटुंबं जूनमध्ये पेरणीसाठी गावी असतात आणि दिवाळीनंतर शहरात येतात. त्यांची मुलं नोव्हेंबरमध्ये एकेकटी, मुकादमाच्या नाहीतर मोठ्या बहिणीच्या मागे लपून दारात उभी राहतात, आणि त्यांच्या स्वागताला कुणी नसतं. त्या दिवशी तुम्ही असा. कुंकू लावा, वर्गाला उभं करा, दोन मुलांना त्या मुलाचे सोबती म्हणून नेमा, पाणी कुठे आणि संडास कुठे ते त्या दोघांनाच दाखवू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

नाव

भिलांमध्ये जन्माच्या वारावरून नाव ठेवायची जुनी रीत आहे. मंगळियो, बुधियो, सोमलो अशी नावं त्यातलीच. शाळेत ही नावं कुणीतरी "सुधारून" लिहितं, आणि मग मूल हजेरीत स्वतःचं नाव ओळखत नाही. सर रागावतात, "ऐकू येत नाही का?" घरी कसं हाक मारतात ते आईला विचारा, तसाच उच्चार घरी जाऊन घोकून या. कागदावरचं नाव वेगळं असेल तर वर्गात कोणतं हवं ते मुलाला ठरवू द्या. "ए राठवा" ही हाक तर बंदच करा. एका वर्गात पाच राठवा असतात.

भाषा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिलीत नवीन आलेल्या मुलाला सर्वांत आधी काय लागतं? लघवीला जायचंय हे सांगता येणं. गुजरातीतून कसं विचारायचं ते ठाऊक नसतं, विचारायची भीती असते, मग कधीतरी चड्डी ओली होते, वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी करंगळीची खूण सगळ्या वर्गाला शिकवा, आणि खूण दिसली की न विचारता जाऊ द्या. मग तुम्ही मुलांकडून शिका: बस, ये, पाणी, भूक, दुखतंय, घाबरू नको. ही दहा-बारा वाक्यं त्यांच्या बोलीत तुम्हाला यायलाच हवीत. मोठ्या वर्गातली राठवा मुलगी ती हौसेने शिकवते, तुमचे उच्चार चुकले की खुशाल हसते. हसू द्या. शाळेत कोणतीतरी गोष्ट तिला बाईंपेक्षा जास्त येते, हे तिला त्या दिवशी कळतं.

आता उच्चारांचं. भिली बोलींमध्ये, आणि मध्य गुजरातच्या खेड्यांतल्या गुजरातीतही, पुष्कळ ठिकाणी "स"चा "ह" होतो. दुसरीतली मुलगी फळ्यासमोर उभी राहून मोजते आहे: पाच, छ, "हात". पुढचे बाक खिदळतात. ती आपल्या हाताकडे बघते, मग बाईंकडे, आणि तिथेच थांबते. तिचं गणित बरोबर होतं, आकडा बरोबर होता, क्रम बरोबर होता. अशा वेळी फळ्यावर ७ लिहा, "बरोबर, पुढे?" म्हणा आणि तिला वीसपर्यंत जाऊ द्या. गणिताच्या तासाला उच्चार दुरुस्त करायचा नसतो. तो वाचनाच्या तासाला, सगळ्या वर्गाकडून एकदम म्हणवून घेतला की आपोआप येतो, आणि एकट्या तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

बडोद्यातल्या आपल्या लोकांना हे कळायला खरं तर सोपं आहे. आपल्या घरी मराठी, जिन्याखाली गुजराती, टीव्हीवर हिंदी. पाच वर्षांचं मराठी पोर या तिन्हींत फिरतं आणि आपण कौतुकाने सांगतो, "तिन्ही भाषा येतात हं तिला!" राठवा पोर घरी राठवी, साइटवर हिंदी आणि शाळेत गुजराती बोलतं, तर त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, भाषा कच्ची. मला हे फार लागतं. हा शेरा लिहायचा तुमच्यावर प्रसंग आला तर लिहू नका.

वर्गात काय करता येईल? भिंतीवर चित्रं लावा: बैल, कोंबडा, नांगर, महू (मोहाचं झाड), पाऊस. प्रत्येक चित्राखाली दोन नावं, एक गुजराती, एक मुलांनी सांगितलेलं, दोन्ही गुजराती लिपीत. पहिले काही दिवस गणित तोंडी आणि घरच्या भाषेत चालू द्या. तीन-चार वर्षं शहरात राहिलेली मुलं दोन्ही भाषा जाणतात, त्यांना नव्या मुलाशेजारी बसवा आणि ते दोघं कुजबुजले तर "बोलू नका" म्हणू नका, ती कुजबुज म्हणजे शिकवणीच आहे. शनिवारी गोष्टीचा तास ठेवा. मूल आपल्या बोलीत गोष्ट सांगेल, दुसरं मूल गुजरातीत समजावेल. तुम्हाला अर्धं कळणार नाही. चालेल.

मुख्याध्यापकांनी "हे नियमात बसतं का?" असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून आहे. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथे मातृभाषा असं म्हटलंय, आणि २०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून जास्त होते, कोकणी आणि सिंधी दोन्ही मिळून भरतील त्याहून अधिक. घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, मात्र भिली नाही.

गुजराती मागे टाकायची नाही, हेही तितकंच ठाम सांगते. आईवडील मुलाला गुजराती लिहिता-वाचता यावं म्हणूनच पाठवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. घरची भाषा वर्गात आली की गुजराती लवकर येते, कारण मूल तोंड उघडायला लागतं.

आईवडील

पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर मजूर येणार नाही. यायचं तर त्या दिवसाची रोजी गेली. संध्याकाळी साइटवर तुम्ही जा, नाहीतर सकाळी कडिया नाक्यावर, जिथे मजूर कामासाठी उभे असतात तिथे, भेटा. पहिल्या भेटीला तक्रार घेऊन जाऊ नका. मुलाची एक चांगली गोष्ट, खरी आणि नेमकी, सांगा: "तुमच्या मुलाने काल आजारी मैत्रिणीचं दप्तर घरापर्यंत पोचवलं."

बोलताना "तमे" म्हणा. शहरात मजुरांना सर्रास "तुं" म्हणतात, अगदी शिकलेली माणसंही. मूल शेजारी उभं असतं, ते सगळं ऐकत असतं. आईला "बेन", वडिलांना "भाई". पाणी किंवा चहा पुढे केला तर प्या. या लोकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. तुम्ही पेला तोंडाला लावता की नाही, इकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं.

ओळख झाली की त्यांच्याकडे काहीतरी मागा. बियाणं कसं राखतात ते आईने वर्गात येऊन सांगावं, आजोबांनी गोफण कशी विणतात ते दाखवावं, ढोल वाजवणारे काका एका शनिवारी यावेत. मागितल्याशिवाय ते येणार नाहीत. शाळा ही साहेबांची जागा, असंच त्यांनी आजवर मानलेलं असतं.

जेवण आणि बाक

यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त डोळे उघडे ठेवा. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही ते पाहा, आणि पंगतीत तुम्हीही बसा. मागचे बाक कायम त्याच मुलांचे होत असतील तर दर सोमवारी जागा फिरवा. मकाईच्या रोटल्याला कुणी नाक मुरडलं तर तो तुकडा मागून खा.

होळी

दिवाळी आपली मोठी, होळी त्यांची. होळीच्या आठ-पंधरा दिवस आधी साइट ओस पडते, कारण काहीही झालं तरी माणूस गावी जातोच. होळीनंतर कवांटला घेरचा मेळा भरतो, गावोगाव ढोल, नाच चालू असतात. मुलं तिथेच असतात, असायलाच हवीत. शाळेत मात्र गैरहजेरीच्या रेघा पडत जातात, वार्षिक परीक्षा तोंडावर असते आणि "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही" असं कुणीतरी म्हणतं. आपली पोरं गणपतीला पुण्या-मुंबईला जातात तेव्हा असं कुणी म्हणत नाही.

काम असं करा. होळीच्या महिनाभर आधी प्रत्येक घरी विचारा: कधी जाणार, परत येणार की नाही, आले तर याच साइटवर की दुसऱ्या? वर्गशिक्षकांना सांगा की नाव पटावरून काढू नका. जाणाऱ्या मुलाबरोबर एक वही द्या, त्यात रोज एक चित्र आणि दोन ओळी, कोणत्याही भाषेत. कुटुंब दुसरीकडे जाणार असेल तर नव्या ठिकाणच्या शाळेचं नाव शोधून द्या, जुन्या शाळेतला नोंदणी क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मूल परत आलं की पहिल्या दिवशी "इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न नको. वही उघडा आणि मेळ्याबद्दल सगळ्या वर्गाला सांगायला लावा.

पिठोरो आणि पिसं

उत्साही स्वयंसेवक इथे हमखास घसरतात. राठव्यांची पिठोरोची चित्रं सुंदर असतात, परेश राठवांना त्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणून शाळेच्या भिंतीवर मुलांकडून पिठोरो काढून घेऊ या, असं मनात येतं. थांबा. पिठोरो हा देव आहे. घरात आजारपण आलं, गुरं दगावली की मानता मानतात, म्हणजे नवस बोलतात, आणि ती फेडताना ओसरीच्या भिंतीवर घोडे येतात. काढणारा लखारा वेगळा, विधी करणारा बडवा वेगळा, रात्रभर गाणी चालतात. आधी राठवा घरांत विचारा, शाळेत काढलेलं चालेल का. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला. मुलांना आपला बैल, आपली झोपडी, साइटवरची क्रेन काढू द्या.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुलांच्या डोक्यात पिसं खोचून आणि अंगाला पानं गुंडाळून नाचवू नका. त्यांच्या घरी असं कुणी राहत नाही. टिमली नाचायची तर रोजच्या कपड्यांत, आणि सगळ्या वर्गाने नाचायची, शिकवतील राठवा मुलं. १७ नोव्हेंबर १९१३ ला मानगढच्या डोंगरावर समाजसुधारक गोविंद गुरूंच्या भील अनुयायांवर इंग्रजांच्या फौजेने गोळ्या झाडल्या, हा आपल्याच गुजरात-राजस्थान सीमेवरचा इतिहास आहे. तो सगळ्या मुलांना सांगा, आदिवासी मुलांना वेगळं बसवून नाही.

चिडवणं

"जंगली", "काळ्या", "दारूवाल्याचा". हे शब्द ऐकू येतील, आणि फक्त मुलांच्या तोंडून नाही. मुलाने मुलाला चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा, पण चिडवलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "काय म्हणाला तो?" असं विचारू नका. चिडवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला, त्याच्या घरीही बोला. शिक्षकच तसं बोलत असतील तर मार्ग अवघड, तरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारण्याबरोबरच मुलाचा मानसिक छळ करायलाही मनाई केली आहे. आधी त्या शिक्षकांशी खाजगीत बोला, मग मुख्याध्यापकांशी, मग शाळा व्यवस्थापन समितीत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि दुर्बल, वंचित घरांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या शाळेच्या समितीत एक तरी राठवा किंवा भील आई आहे का, ते बघा. नसेल तर पुढच्या निवडीच्या वेळी दोघींची नावं सुचवा, आणि बैठक संध्याकाळी घ्यायला लावा.

काही महिन्यांनी काय तपासायचं

मूल हसतंय, नाचतंय, एवढ्यावर खूश होऊ नका. ते तक्रार करतं का पाहा. पेन्सिल घेतली म्हणून भांडतं का, "बेन, हे बरोबर नाही" असं तुम्हालाच म्हणतं का, मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलांना आपल्या बोलीतला शब्द शिकवतं का, धाकट्या भावाला हाताला धरून स्वतःहून शाळेत आणतं का. गप्प, गुणी, कोपऱ्यात बसलेलं मूल मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. त्याच्यासाठी रोज पाच मिनिटं वेगळी काढा, आणि दर पंधरा दिवसांनी वहीत त्याच्या नावापुढे एवढंच लिहा, की या पंधरवड्यात ते वर्गात आपणहून काय बोललं. वहीतली ती जागा रिकामी राहिली तर त्याच संध्याकाळी साइटवर जा.